एकतीस नंबरचे उरलेले धडे

औषध पाजून झालं की माणसाला बोलायला लावायचं, हा आमच्या खिडकीवरचा पहिला नियम. मी म्हणायची, "बोल." समोरचा म्हणायचा, "काय बोलू, सिस्टर?" मी म्हणायची, "नाव सांग." त्याने नाव सांगितलं की औषध पोटात गेलं असं धरायचं आणि पुढच्याला बोलवायचं. नुसती मान हलवली, गाल जरा फुगलेले दिसले, की समजायचं स्वारीने औषध तोंडात धरून ठेवलंय. बाहेर जाऊन बाटलीत थुंकणार आणि दुसऱ्याच्या गळ्यात मारणार. ऐकायला किळस येते, पण मी अकरा वर्षं रोज सकाळी हेच केलं. आता निवृत्त होऊन मुलुंडला घरी बसले तरी सवय जात नाही. आमच्या ह्यांना ब्लडप्रेशरची गोळी देते आणि तोंडातून निघून जातं, "बोल." हेही शाळेतल्या मुलासारखं वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगतात आणि पेपर वाचायला लागतात.

लोक विचारतात, भूतबीत पाहिलंत का हो कधी हॉस्पिटलात? तीस वर्षं वॉर्डात काढली, मेलेली माणसं धुतली, पुसली, गुंडाळली. कधी काही दिसलं नाही. घाबरले ती एकदाच, तीही भर दुपारी, घाटकोपरला, वरच्या मजल्यावरून भाजीच्या फोडणीचा वास येत असताना. तेच सांगणार आहे.

आमचं केंद्र म्हणजे जुन्या दवाखान्याच्या इमारतीचा तळमजला. गर्दवाले पेशंट. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, सुटली की अंग मोडून येतं, जुलाब, उलट्या, झोप नाही. माणूस त्या त्रासाला भिऊन पुन्हा ओढतो. म्हणून त्याला रोज ठरलेल्या मापाचं मेथाडोन द्यायचं. सरबतासारखं पातळ औषध असतं, पाण्यात घालून आमच्यासमोर प्यायचं. नशा चढत नाही, त्रास होत नाही, माणूस कामाला जातो. एक नशा काढून दुसरी देता, असं आमचे शेजारी मला हिणवायचे. मी म्हणायची, तुमचा चष्मा काढून घेऊ का?

या औषधाची एक अट मात्र जिवावरची. रोज घेतलं तर शरीर पचवतं. पाच-सात दिवस खंड पडला की शरीराची सवय मोडते, आणि माणसाला ते कळत नाही. त्याला वाटतं, आपलं माप तेच. तेच माप पुन्हा घेतलं तर आधी काही होत नाही. दुपारी गुंगी येते, माणूस आडवा होतो, श्वास मंदावत जातो आणि झोपेतच थांबतो. म्हणून खंड पडलेल्याला पुन्हा थेंबाथेंबाने वर चढवायचं. माझ्या खिडकीतल्या रजिस्टरला मी पोथीसारखं जपायची ते यासाठी.

मग आमच्याकडे कोकेन आलं. तुम्ही म्हणाल, कोकेन म्हणजे बड्या लोकांचं. बरोबर आहे. पण बड्यांच्या व्हॅनमध्ये पंखा लावणारा, लाइट धरणारा, गाडी चालवणारा आपलाच माणूस असतो. अंधेरीकडच्या स्टुडिओंत काम करणारी आमची काही पोरं मेथाडोनवर छान सावरली होती आणि मग या पांढऱ्या पावडरीत अडकली. गर्दवर मेथाडोन आहे, कोकेनवर तसं औषध नाही. नुसतं बोलायचं, समजवायचं, मोह कधी होतो ते ओळखायला शिकवायचं. आणि बोलणार कोण? समुपदेशक एक, पेशंट शेकड्याने.

तेव्हा आमच्या केंद्राच्या डॉक्टर केतकर मॅडमनी कॉम्प्युटरची चाचणी आणली. मॅडम पार्ल्याच्या, वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार आणि सरळ. पद्धत अशी: निम्म्या पेशंटना नेहमीचा उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला कॉम्प्युटरवरचे सात धडे. कुणाला काय, ते बंद पाकिटातून ठरायचं. पाकीट मी फोडायची. त्यामुळे सगळ्यांना वाटायचं, सिस्टरच्या हातात लॉटरी आहे. एका रिक्षावाल्याने पाकीट फोडायच्या आधी माझ्या हाताला हात लावून नमस्कार केला. मशीन मिळालं नाही तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलला नाही, नुसतं नाव सांगायचा.

धडे एका केबिनमध्ये. एक टेबल, एक खुर्ची, कानाला लावायचे हेडफोन. प्रत्येकाला एक नंबर आणि चार आकड्यांचा गुप्त क्रमांक. पडद्यावर चौकटीच्या शर्टातला एक माणूस यायचा, सगळे त्याला 'दादा' म्हणायचे. दादा मऊ आवाजात गोष्ट सांगायचा आणि मग प्रश्न विचारायचा. "काल तुम्हाला ओढ लागली का? शून्य ते दहा, किती?" आकड्यावर बोट ठेवायचं. बाकीची उत्तरं तोंडी, मशीन ती रेकॉर्ड करून ठेवायचं, कारण निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. मुलुंडच्या एका दुकानदाराचा मुलगा दादाशी भांडायचा, "अरे, तू घेतलीय का कधी? मग गप ना यार!"

मला तो दादा आवडायचा नाही. प्रश्न विचारला की तो उत्तराची वाट बघत बसायचा. तीन मिनिटं. सरळ तुमच्या डोळ्यांत बघत, ठरावीक वेळाने पापण्या मिटत. पेशंट मध्येच उठून गेला तरी बसून राहायचा. रिकाम्या केबिनमध्ये रिकाम्या खुर्चीकडे बघत पापण्या मिटणारा तो माणूस काचेतून दिसला की मी पदर सावरायची, का ते कळायचं नाही.

एकतीस नंबर म्हणजे राजू पाटील. निदान रजिस्टरमध्ये तरी. आमच्याकडे निम्मे राजू आणि निम्मे पाटील; खोटं नाव सांगणं चालायचं, रोज तेच सांगितलं म्हणजे झालं. हा लाइटमन. साकीनाक्याला मित्रांबरोबर खोलीत राहायचा, सकाळी आमच्याकडे औषध पिऊन मेट्रोने अंधेरीला कामावर. तिशीचा, उंच, अबोल. बाकावर बसला की जमिनीकडे बघायचा. लक्ष्मीमावशी फरशी पुसत आल्या की न बघता दोन्ही पाय वर उचलायचा, त्या खालून पुसून पुढे गेल्या की पाय खाली.

लक्ष्मीमावशी आमच्या सफाईच्या बाई. देवगडकडच्या, भटवाडीत राहायच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली आणि मागोमाग तोही गेला. एकुलता एक मुलगा दुबईला. माझ्यासोबत रोज साडेदहाचा चहा. "झील काय म्हणतो, मावशी?" "बरा आहे. काम जास्त आहे म्हणतो." मे महिन्यात म्हणायच्या, तिकडे फार गरम होतं म्हणतो. नऊ वर्षांत त्यांनी एक फोटो दाखवला नाही आणि मीही मागितला नाही.

चार धडे झाल्यावर राजू गायब झाला. मंगळवारी औषध पिऊन गेला, बुधवारी नाही, गुरुवारी नाही. आमच्याकडे माणसं गळतात, नवीन काही नव्हतं. मी रजिस्टरमध्ये रोज लाल शाईने गैरहजर लिहीत गेले. मोबाइल बंद.

शनिवारी माझं एक जादा काम असायचं. आठवडाभराची रेकॉर्ड झालेली उत्तरं ऐकायची आणि वहीत उतरवायची. हेडफोन लावले, एकेक नंबर काढत गेले आणि एकतीसवर थांबले. पाचवा धडा. गुरुवार, दुपारी एक वाजून वीस मिनिटं.

गुरुवारी तर तो आला नव्हता.

मी ऐकलं. दादाचा आवाज: "ओढ लागते तेव्हा तुम्ही कुठे असता?" आणि मग काहीच नाही. काहीच नाही म्हणजे, कुणीतरी होतं. श्वास ऐकू येत होता, हळू, नाकातून. पूर्ण तीन मिनिटं. मध्येच 'टण्' असा एक बारीक आवाज. मग दादा म्हणाला, "धन्यवाद. पुढे जाऊया." पुढचा प्रश्न, पुन्हा तसंच. सहा प्रश्न, सहा वेळा तो श्वास. ओढ किती, या प्रश्नाला मात्र उत्तर होतं. दहा. राजूने याआधी कधी सहाच्या वर बोट ठेवलं नव्हतं.

सोमवारी मी मॅडमना सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरवरची यादी बघितली. एकतीससमोर हिरवी खूण होती.

"धडे करतोय म्हणजे चांगलंच आहे की, सिस्टर."

"पण औषधाला येत नाहीये, मॅडम."

"शूटिंग तिकडे असेल. अंधेरीच्या केंद्रावर घेत असेल. इथून जाता जाता धडा उरकला असेल."

"मला दिसला नाही."

"तुम्ही एक वाजता जेवायला वर असता," मॅडम हसून म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. एक ते दोन तळमजला रिकामा असायचा. वॉचमन दारात, तोही रस्त्याकडे तोंड करून.

मंगळवारी सहावा धडा झाला. एक वाजून पंचवीस. शनिवारपर्यंत थांबायचा मला धीर नव्हता, त्याच संध्याकाळी ऐकला. "तुम्ही कुणाला तोंड दाखवायचं टाळता?" श्वास. 'टण्'. आणि या वेळी अगदी शेवटी एक पुटपुट, शब्द न कळणारी, एका लयीत चालणारी, जसं कुणी भिंतीपलीकडे बोलावं. ओढ: दहा. मी हेडफोन काढला तर कानशिलं घामाने ओली होती. केबिनच्या काचेत दादा बसला होता, माझ्याकडे बघत पापण्या मिटत. मी बाहेर येऊन सरळ मेन स्विच बंद केला. नंतर त्याबद्दल बोलणी खाल्ली.

गुरुवारी सकाळी रांगेत एकतीसचा एक मित्र होता. औषध प्यायला, नाव सांगितलं आणि खिडकीशी वाकून म्हणाला, "सिस्टर, राजू ऑफ झाला."

"काय?"

"मानखुर्दला होता. एका पोराच्या रूमवर. मागच्या आठवड्यातच ऑफ झाला म्हणतात."

"कोण म्हणतात? बघितलंय का कुणी?"

"आता काय माहीत. बोलतात सगळे."

मी त्याच्या मागे बघितलं. लक्ष्मीमावशी बाकाखालून फडकं फिरवत होत्या. फडक्याचा वेग तोच होता. साडेदहाला चहाला आल्या नाहीत. म्हणाल्या, आज उपास आहे.

मागच्या आठवड्यात मेलेला माणूस मंगळवारी दुपारी येऊन धडा करून गेला होता. हसू नका. त्या दिवशी मी औषध मोजताना दोनदा चुकले आणि दोनदा ओतून पुन्हा मोजलं. सातवा धडा शिल्लक होता. शेवटचा.

शुक्रवारी मी जेवायला वर गेले नाही. औषधांच्या खोलीत, कपाटाआड स्टुलावर बसले. तिथून केबिनची काच दिसते. कुणी आलं नाही. शनिवारी पुन्हा बसले. वरून स्टीलच्या डब्यांचे आवाज येत होते, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. एक वाजून वीस मिनिटांनी केबिनमध्ये पडद्याचा निळा उजेड पडला. दार वाजल्याचं मी ऐकलं नव्हतं. उठले तेव्हा पायांत मुंग्या आल्या होत्या. भिंतीला धरून काचेपर्यंत गेले.

खुर्चीत लक्ष्मीमावशी होत्या. डोक्यावरून पदर, पदरावरून हेडफोन. हात जोडून मांडीवर ठेवलेले, पाय चपलांतून बाहेर काढलेले. बाजूला पाण्याची बादली. पंख्याच्या वाऱ्याने बादलीची कडी हलत होती आणि मधूनच कडेला लागत होती. टण्.

दादा त्यांच्याकडे बघत पापण्या मिटत होता, आणि त्या त्याच्याकडे.

मी दार उघडलं. मावशींनी हेडफोन काढला नाही. हाताने मला थांबायची खूण केली, पूजेला बसलेली बाई करते तशी. प्रश्न संपल्यावरच हेडफोन खाली घेतला.

"मावशी, हे काय?"

"एकच ऱ्हवलोहा," त्या म्हणाल्या. एरवी माझ्याशी शुद्ध मुंबईचं बोलायच्या, आज ते सुटलं होतं. "सातवो. होऊन जांदे."

"हे राजूचे धडे आहेत. तुम्ही का करताय?"

"राजू नाय तो. संतोष. माझो झील."

मी दाराची मूठ धरून उभी राहिले. दुबई माझ्या डोक्यात येत होती. मे महिन्यातलं तिथलं ऊन. आणि बाकाखालून पुसताना वर उचललेले ते दोन पाय.

मावशींनी सांगितलं ते असं. मुलाने घरातलं सगळं विकून ओढलं तेव्हा त्यांनी त्याला बाहेर काढलं आणि चाळीत सांगितलं, दुबईला गेला. पुढे स्वतःच त्याला आमच्या केंद्राचा पत्ता दिला. अट एकच, ओळख दाखवायची नाही. त्याने पाळली. त्यांनीही पाळली. रोज त्याला जिवंत बघायला मिळत होतं, तेवढं पुरे होतं. आणि हे सात धडे त्यांच्या डोक्यात सात दिवसांचं पारायण होऊन बसले होते. "पारायण अर्धवट टाकला तर बाधता, बाय. घरातलो एक उठलो तर दुसऱ्यान बसूचा असता. चार तेणी केल्यान. तीन माझ्याकडे इले." गुप्त क्रमांक त्याचं जन्मसाल होतं, आईला त्यात शोधायचं काय?

"आणि ती पुटपुट?"

"माका दादाचे प्रश्न सगळे कळत नाय. म्हणान मी नाव घेय होतंय."

"ओढ दहा का लावली?"

माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मला विचारल्याची लाज वाटली. "लागता तेवढीच सांगूची ना?"

मी म्हटलं, "मावशी, लोक म्हणतायत तो..."

"बघलंय कोणी?" त्या म्हणाल्या. "बघूक नाय ना? मग सातवो होऊ दे."

नियमाप्रमाणे मी तिथल्या तिथे मशीन बंद करायला हवं होतं, मॅडमना वर जाऊन सांगायला हवं होतं, एकतीस नंबर चाचणीतून काढायला हवा होता. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर उभी राहिले, कुणी येऊ नये म्हणून. आतून दादाचा आवाज येत नव्हता, तो त्यांच्या कानात होता. शेवटी मावशी बाहेर आल्या, बादली उचलली आणि म्हणाल्या, "शाब्बास म्हणालो तो." मी कुणाला काही सांगणार नाही, असं वचन त्यांनी मागितलं नव्हतं. मीच दिलं.

रविवार मध्ये गेला. सोमवारी सकाळी खिडकीशी एकतीस नंबर उभा होता.

खरं सांगते, मी देवाचं करते, पण हिशेबाने करते. असं लगेच काही मिळावं ही माझी अपेक्षा नसते. तो वाळला होता, दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. मी गजांतून हात घालून त्याच्या मनगटाला हात लावला. गरम होतं.

"कुठे होतास?"

"अंधेरीला घेत होतो, सिस्टर. तिकडच्या सेंटरला."

"चिठ्ठी?"

"हरवली. लवकर द्या ना, शिफ्ट आहे."

खोटं बोलत होता हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. पुढे समजलं ते असं की बारा दिवस तो मानखुर्दला एका खोलीत पडून होता. आधी कोकेन, मग पैसे संपल्यावर काहीच नाही. अंग मोडून, उलट्या होऊन, सगळं अंगावर काढून तो उठला होता. शरीर कोरं झालं होतं, आणि त्याला हवं होतं जुनं माप, भरलेलं.

मी त्याला मॅडमकडे पाठवलं. तोच नियम होता. मॅडमनी अंधेरीला फोन लावला, तिकडे त्या दिवशी कुणी उचलला नाही. मग त्यांनी कॉम्प्युटर बघितला. एकतीस: गुरुवार, मंगळवार, शनिवार, तीन हिरव्या खुणा. सातही धडे पूर्ण. कॉम्प्युटरच्या गटात सगळे धडे पूर्ण करणारा हा पहिलाच. मॅडमचा चेहरा फुलला. बारा दिवस औषधाविना असलेला माणूस तीन तीनदा येऊन शांतपणे धडे करेल का? नाही करणार. त्यांचा तर्क चुकीचा नव्हता, खुणाच खोट्या होत्या. त्यांनी कागदावर पूर्वीचंच माप लिहिलं आणि सही केली.

कागद माझ्यापुढे आला. आता सांगायचं होतं ते मला एकटीला माहीत होतं. म्हणजे, मला आणि कॉरिडॉरच्या टोकाला फडकं पिळत उभ्या असलेल्या मावशींना. मी सांगितलं तर त्यांची नोकरी जाणार होती, नऊ वर्षांची दुबई जाणार होती. आणि मी स्वतः दाराशी पहारा दिला होता, माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. नाही गेलं असं लिहिणार नाही.

मी माप भरलं. पूर्ण. पाणी घातलं. ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. माझा हात ग्लासवरच होता आणि मी बोललेच असते, असं मी अजून स्वतःला सांगते.

बादली पडल्याचा आवाज झाला. अख्खा कॉरिडॉर पाण्याने भरला. मावशी चपला टाकून धावत आल्या आणि त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर, ग्लास आणि त्याच्या मधे, ओलं फडकं धरलेला हात आडवा टाकला.

"पिव नको!" त्या ओरडल्या. "मॅडम, तेका देव नकात. बारा दिवस काय घेवक नाय तेणी. मरतलो तो!"

मॅडम बाहेर आल्या. रांगेतली सगळी माणसं वळून बघत होती.

"मावशी, तो येत होता. कॉम्प्युटरवर आहे," मॅडम म्हणाल्या.

"तो नव्हतो. मी होतंय."

कुणाला काही कळलं नाही. राजूला कळलं. त्याच्या पायांपर्यंत पाणी आलं होतं आणि त्याने, उभ्या उभ्याच, एक टाच वर उचलली. मग तिच्याकडे बघितलं. नऊ वर्षांत त्या इमारतीत त्याने तिच्याकडे पहिल्यांदा बघितलं.

"आये," तो म्हणाला, "गप ना. लोक बघतायत."

"बघू देत," मावशी म्हणाल्या. "मेलंस म्हणान सांगी होते माका. हयच, फरशी पुशीत आयकलंय मी."

ग्लास मी उचलला आणि मोरीत ओतला. मग मॅडमना सगळं सांगितलं, माझ्या पहाऱ्यासकट, तिथेच, सगळ्यांसमोर. मॅडमच्या हातातला कागद ओला झाला होता. त्यांनी तो फाडला.

पुढचं उरकून टाकते. एकतीस नंबर चाचणीतून बाद झाला. ते श्वासांचं रेकॉर्डिंग नियमाप्रमाणे पुसलं. पुसायच्या आधी मी एकदा ऐकलं. आई बसलीये हे माहीत असूनही भीती गेली नाही, उलट वाढली. मला मेमो मिळाला, तो योग्यच होता. मावशींची बदली दुसऱ्या दवाखान्यात झाली, नोकरी मात्र मॅडमनी वाचवली. मशीनचा काय फायदा झाला, असं लोक विचारतात. काहींना झाला. दादा थकत नाही, चिडत नाही, तोंड फिरवत नाही, आणि आमच्या लोकांना तोंड न फिरवणारं माणूस क्वचितच भेटतं. पण समोर कोण बसलंय हे त्याला कळत नाही. ते बघायला मी होते, आणि मीच डोळे मिटून घेतले. संतोष नंतर एकदा घसरला, पुन्हा आला. मी निवृत्त झाले त्या दिवशीही रांगेत होता.

त्या सोमवारचं शेवटचं तेवढं राहिलं. मॅडमनी नवीन कागद लिहिला, पहिल्या दिवसाचं माप, ग्लासच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढं. तो चिडला होता, रडतही होता. मावशी त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, ओल्या पायांनी. तो प्यायला. रिकामा ग्लास कट्ट्यावर ठेवला.

"बोल," मी म्हटलं.

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. नऊ वर्षं तो मला जे नाव सांगत आला होता ते त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मावशी खाली बघत होत्या.

"संतोष," तो म्हणाला. "संतोष लक्ष्मी परब."

मी रजिस्टर उघडलं, राजू पाटीलवर काट मारली आणि म्हटलं, "पुन्हा सांग. सावकाश. मला लिहून घ्यायचंय."